रहदारीच्या डाव्या कडेला

रस्त्यावरील ये-जा सांगण्यासाठी मराठीत दोन शब्द विशेष रूढ आहेत : रहदारी आणि वाहतूक. गंमत अशी की हे दोन्ही शब्द मुळात माणसांसाठी नव्हते. फारसीतील 'राहदारी' म्हणजे वाटेने जाणाऱ्या मालावर नाक्यानाक्यावर वसूल होणारी जकात. मोगल अमदानीत ती इतकी जाचक झाली होती की सत्तेवर येताच औरंगजेबाने ती माफ केली. 'वाहतूक' हा शब्द 'वाहणे'वरून, म्हणजे ओझे वाहण्यावरून आला. रस्ता प्रथम मालाचा होता. माणूस या शब्दांत मागाहून शिरला, आणि तोही मालाच्या बरोबरीने किंवा मालाला वाट देत.

मराठवाड्यात ही गोष्ट गावांच्या आखणीतच दिसते. नांदेडचा मोंढा, लातूरचा गंज, प्रत्येक गावाच्या तोंडाशी असलेला नाका ही सगळी स्थळनामे मालाच्या व्यवहाराची आहेत. लातूरची गंजगोलाई तर या विचाराचा नमुनाच म्हणावी लागेल. निजामी राजवटीत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला आणि १९१७ साली तिची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. मध्ये अंबाबाईचे देऊळ, भोवती दुकानांचे कडे आणि त्या कड्यातून चहूकडे फुटणारे १६ रस्ते. एकेका रस्त्यावर एकेका जिनसाची पेठ : सोने, कापड, पादत्राणे, मिरची, गूळ. ही आखणी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बैलगाडी होती. गाडी कोणत्याही दिशेने यावी, गोलाईला वळसा घालून माल उतरवावा आणि आल्या वाटेने वा दुसऱ्या वाटेने निघून जावी. सहा वर्षांपूर्वी, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली होती. अडीच फुटी रुळांवरून चालणाऱ्या या गाडीने दूरचा माल उचलला. खेड्यापासून स्थानकापर्यंतचा रस्ता मात्र बैलांच्याच पावलांनी चालत राहिला.

अशा रस्त्यावर सायकल आली तेव्हा ती त्या रस्त्यावरची सर्वांत वेगवान वस्तू होती. हे आज ध्यानात येणे कठीण आहे. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर, सायकल बारा-पंधरा. पूर्वी स्वार म्हणजे घोडेस्वार. भाषेने सायकलवाल्यालाही तोच मान दिला आणि 'सायकलस्वार' हा शब्द घडला. ट्रकवाल्याला आपण ट्रकस्वार म्हणत नाही. पुढे वेगाची उतरंड उलटी झाली, स्वार तळाशी गेला, पण शब्द तेवढा राहिला. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एखादा दूधवाला किंवा सकाळच्या पाळीला निघालेला कामगार मेल्याची बातमी येते, तेव्हा त्याच्या नावापुढे ही जुनी पदवी लागलेली असते.

उतरंड उलटण्याचा काळ नेमका सांगता येतो. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. सरकारने चालवलेल्या बससेवेचा देशातला हा आरंभीचा प्रयोग. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि एस.टी. इथली झाली. दरम्यान १९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले. रुंद रुळांशी न जुळणाऱ्या बार्शी लाइटला त्यांच्याशी टक्कर देणे शक्य नव्हते. कुर्डुवाडीला माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवण्यापेक्षा मोंढ्यातून थेट मुंबईला ट्रक धाडणे व्यापाऱ्याला सोयीचे झाले. लातूरची ही वाट रुंद रुळांची झाली ती २००७-०८ मध्ये. तोवर मालाने रस्ता कायमचा धरला होता.

आणि नेमक्या याच दशकांत सायकलही सर्वांची झाली. हर्क्युलिस आणि रॅले ही नावे प्रथम विलायतेहून आली. स्वातंत्र्यानंतर मद्रास आणि आसनसोल येथे त्यांचे कारखाने निघाले, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस आणि लुधियानाला १९५६ मध्ये हीरो. शिक्षक, पोस्टमन, तारवाला, गिरणी कामगार, तालुक्याहून शिकायला आलेला विद्यार्थी, सर्वांकडे सायकल असे किंवा तासाच्या भाड्याने मिळे. नांदेडसारख्या गावाला, जिथे उस्मानशाही मिल होती आणि जुने शहर नदी व रेल्वे यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेले होते, सायकल विशेष मानवली. सायकल आणि ट्रक असे एकाच वेळी एकाच डांबरी पट्ट्यावर वाढले. दोघांना वेगळे करण्याचा विचार कोणाला सुचला नाही, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. तो सुचला होता. त्याकडे पुढे येतो.

शासनाने त्या काळी सायकलस्वाराची दखल घेतलीच नाही असे नाही. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसेल तर दंड. डबल सीट दिसली तर दंड, किंवा दंडाऐवजी हवालदार चाकातली हवा सोडून देई. आमच्या आधीच्या पिढीच्या आठवणींत हा हवा सोडणारा हवालदार इतक्या वेळा भेटतो की त्याच्यावर एक ललितलेख सहज व्हावा. परंतु या विनोदी चित्रामागची रचना पाहण्याजोगी आहे. सायकलस्वार करदाता म्हणून मान्य होता, अपराधी म्हणून मान्य होता. ज्याच्या जिवाची काळजी रस्त्याने घ्यायची असा मनुष्य म्हणून तो कोणत्याही कागदावर नव्हता.

आता त्याच्या मरणाची रीत पाहू. सायकलस्वाराला मोठ्या वाहनाची भीती वाटते ती मागून येणाऱ्या धडकेची. ती असतेच, परंतु शहरात, चौकात, वळणावर जे घडते ते निराळे असते. आपल्याकडे वाहन डावीकडून चालते आणि चालक उजवीकडे बसतो. सायकलने डाव्या कडेने जावे हा नियम आहे आणि शिकवणही. म्हणजे सायकलस्वार नेमका तिथे असतो जिथे ट्रकचालकाची नजर पोहोचत नाही : डाव्या दाराच्या खाली आणि डाव्या पुढच्या कोपऱ्याशी. त्यातून ट्रक डावीकडे वळू लागला की त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतून, कमी वळसा घेऊन, कडेकडे सरकत येतात. गाडी जितकी लांब तितके हे सरकणे अधिक. कडेने सरळ चाललेला माणूस ट्रकचे तोंड पुढे गेले म्हणून निर्धास्त होतो, आणि मग त्याच्या व पदपथाच्या मधली जागा मिटत जाते. मधल्या मोकळ्या भागाला बाजूने आडवी पट्टी लावली तर तो आत ओढला जात नाही, निदान बाहेर ढकलला जातो. अशा पट्टीचा नियम आपल्याकडे आहे. गोदावरीची वाळू वाहणाऱ्या हायवांकडे आणि उसाच्या जोडट्रॉल्यांकडे पाहून तो असल्याचे कळत नाही, एवढेच.

या आंधळ्या बाजूवर एकेकाळी एक मानवी उपाय होता. डाव्या दाराशी किन्नर बसे. शिष्ट मराठीत त्याला क्लीनर म्हणतात, पण मोंढ्यातला शब्द किन्नर हाच. तो खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकून दारावर तळहात आपटी, "जाऊ द्या, जाऊ द्या" किंवा "सायकल, सायकल" असे ओरडे. त्या थापेचा अर्थ चालकालाही कळे आणि सायकलवाल्यालाही. एस.टी.त हेच काम कंडक्टरच्या घंटेच्या दोरीने आणि गाडी मागे घेताना त्याच्या शिट्टीने होई. ट्रकचा डावा डोळा म्हणजे एक पंधरा-सोळा वर्षांचे, अर्धपोटी, शिव्या खाणारे पोर होते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी ती व्यवस्था होती. मालकांनी मजुरी वाचवण्यासाठी अनेक ट्रकांवरून त्याला उतरवले तेव्हा त्याच्या जागी लगेच काही आले नाही. आरसा आला असे कोणी म्हणेल. पण आरसा ओरडत नाही.

कायद्याची कथा याहून रूक्ष आहे, पण तिच्यातले आकडे वाचण्यासारखे आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम ३०४-अ भारतीय दंड संहितेत १८७० साली घातले गेले. तेव्हा जगात मोटार नव्हती. दोन वर्षांपर्यंत कैद ही त्याची शिक्षा बैलगाडी, टांगा, मोटार, ट्रक, कंटेनर या सर्वांच्या काळात तशीच राहिली आणि १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हाच ती पाच वर्षांपर्यंत गेली. याच संहितेत अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवसांत ट्रकचालकांनी तिच्याविरुद्ध संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि संहिता लागू करताना ते उपकलम बाजूला ठेवले गेले. चालकांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते : थांबलो तर जमाव मारतो. रस्त्यावर दोन गरीब माणसे एकमेकांसमोर येतात, एक सोळा टनांवर बसलेला आणि एक वीस किलोंवर, आणि दोघांनाही यंत्रणेची खात्री नसते. हे मान्य करूनही वीस किलोंवरचा मरतो, हे उरतेच.

पळून गेलेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तर मृताच्या घरी काय द्यावे, याचाही एक इतिहास आहे. १९८२ च्या दुरुस्तीने ही रक्कम ५,००० रुपये ठरली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ८,५००. १९९४ मध्ये २५,०००. त्यानंतर २८ वर्षे ती हलली नाही. १ एप्रिल २०२२ पासून ती दोन लाख झाली. या २८ वर्षांत लातूरचा भूकंपानंतरचा नवा विस्तार झाला, नांदेडला विद्यापीठ आले, दोन्ही शहरांच्या महानगरपालिका झाल्या, डिझेलचा भाव कितीतरी पट वाढला. अज्ञात ट्रकखाली मेलेल्या माणसाची किंमत तेवढी स्थिर होती.

'अज्ञात' हा शब्द इथे आला तो बरा झाला, कारण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणात लक्ष घालावे ते त्यासाठीच. अपघाताच्या बातमीचे मराठी हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानला पाहिजे. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार' या साच्यात वाहन आहे, धडक आहे, मृत आहे, चालवणारा नाही. 'धडकेत' हे अधिकरण. धडक ही जणू एक जागा आहे, पावसात सापडावे तसा मनुष्य तिच्यात सापडला. 'चालकाचा ताबा सुटल्याने' यात क्रियापद अकर्मक आहे. मराठीला सोडणे आणि सुटणे हा भेद फार चांगला कळतो. काच फुटली असे सांगणाऱ्या मुलाला "फुटली की फोडलीस?" असे विचारून प्रत्येक मराठी आईने हे व्याकरण घरी शिकवलेले असते. वार्ताहराला मात्र ते कोणी विचारत नाही.

सर्वांत नवल मला 'मागच्या चाकाखाली आला' या प्रयोगाचे वाटते. इथे कर्ता मृत आहे. येण्याची क्रिया त्याने केली. चाक आपले तिथे होतेच. वर सांगितलेली चाकांची वाट आठवून हे वाक्य पुन्हा वाचावे. तो माणूस आपल्या सरळ वाटेने जात होता, कडेला सरकले ते चाक. भूमितीच्या दृष्टीने वाक्य उलटे आहे, आणि तरी ते पंचनाम्यातून बातमीत, बातमीतून लोकांच्या बोलण्यात आणि कधीकधी न्यायाधिकरणातल्या युक्तिवादात असेच उतरते. तिथे त्याला सहभागी निष्काळजीपणा असे नाव मिळते आणि विधवेच्या भरपाईतून काही टक्के वजा होतात. भाषाशैलीच्या चुकीचे मूल्य रुपयांत मोजता यावे अशी उदाहरणे फार नसतील.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण नेदरलंड्समधले आहे. आज तो देश सायकलींचा म्हणून प्रसिद्ध असला तरी १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी त्यांपैकी एक. १९७२ मध्ये त्याने 'दे टेइद' या दैनिकात एक लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यात अपघात हा शब्द टाळून 'मुलांचे खून थांबवा' असे लिहिले. त्या मथळ्याचेच नाव घेऊन चळवळ उभी राहिली. मुले आणि आया रस्त्यांवर बसल्या, पुढल्या वर्षी तेलसंकट आले, आणि सरकारला सायकलींचे वेगळे मार्ग बांधणे भाग पडले. एका शब्दाने हे सर्व केले असा दावा कोणी करू नये; तेलाचा भाव कोणत्याही मथळ्यापेक्षा मोठा लेखक असतो. परंतु 'अपघात' या शब्दाच्या पोटात 'घात' आहे हे मराठी लिहिणाऱ्यांनी विसरून जावे, इतका तो शब्द कसा झिजला, याचा विचार या उदाहरणापाशी करावासा वाटतो.

वेगळ्या मार्गाचा विचार आपल्याकडेही झाला होता असे मघाशी म्हटले. भारतीय रोड काँग्रेसने १९६२ मध्येच सायकल मार्गांच्या आखणीची मार्गदर्शक संहिता प्रसिद्ध केली. गर्दीच्या तासाला ४०० सायकली आणि शंभर ते दोनशे मोटारी जात असतील तर सायकलींना वेगळा मार्ग द्यावा, असे तीत सांगितले होते. सत्तरच्या दशकातल्या मराठवाड्यात ४०० सायकली सहज भरल्या असत्या. दोनशे मोटारी भरल्या नसत्या. आज मोटारी काही मिनिटांतच भरतात, पण सायकलींची मोजणी अपुरी पडते, कारण ज्याला स्कूटर परवडली तो भीतीने सायकल सोडून गेला. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या होण्याचा काळ केव्हा येऊन गेला ते कोणी पाहिले नाही.

एकदा मात्र नांदेडला संधी आली. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात या शहराचा समावेश झाला, आणि २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता. देशविदेशातून भाविक येणार म्हणून गुरुद्वाऱ्याभोवतीचे आणि शहरातले प्रमुख रस्ते नव्याने बांधले गेले. त्या आराखड्यांत पदपथाबरोबर सायकलींसाठी वेगळा पट्टा धरला होता. मराठवाड्यातल्या एका शहराने कागदावर का होईना, सायकलस्वाराला प्रथमच जागा दिली. पुढल्या वर्षांत त्या जागांवर मोटारसायकली लागल्या, हातगाडे उभे राहिले, दुकानांच्या पायऱ्या पुढे सरकल्या. हातगाडेवाल्याला दोष देणे सोपे आहे. त्यालाही आराखड्यात जागा हवी होती. माझ्या मते अपयश निराळे आहे. पट्टा सलग असतो तेव्हाच तो मार्ग होतो. चौकाशी येऊन तो संपला की सायकलस्वार पुन्हा त्याच डाव्या कोपऱ्यात, वळणाऱ्या ट्रकच्या चाकापाशी येतो. ज्या जागी माणसे मरतात तिथे पट्टा नाही, आणि मधल्या सुरक्षित लांबीत तो रुंद आहे. लातूरात एवढाही प्रयोग झाला नाही. तिथे गोलाईचे १६ रस्ते बाजाराच्या गर्दीने आपोआपच मंद राहिले. जीव जातात ते बाहेर : औसा रस्ता, अंबाजोगाई रस्ता, नांदेड रस्ता, रिंग रोड, जिथे डांबर रुंद आहे आणि अडथळा नाही.

सायकल आता कोण चालवतो, हाही प्रश्न आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक. रस्त्यावरच्या एकूण वाहनांतला त्यांचा वाटा पाहणाऱ्याला हा आकडा लहान वाटेल. पण ते मरणारे कोण याकडे पाहिले की तसे वाटत नाही. लातूर पॅटर्नने गावोगावची मुले शहरात आणली. शिकवणीच्या वर्गांपासून भाड्याच्या खोलीपर्यंत आणि खोलीपासून मेसपर्यंत त्यांतली कितीतरी अजूनही सायकलने जातात, पहाटेच्या वर्गाला अंधारात आणि शेवटच्या वर्गाहून पुन्हा अंधारात. बांधकामावर जाणारा मिस्त्री डबा हँडलला अडकवून जातो. आणि खेड्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. नांदेड जिल्ह्यातल्या काही तालुक्यांनाही त्या मिळाल्या आहेत. ही योजना चांगली आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. शाळा सुटण्याच्या वयात शाळेत राहिलेल्या मुली हा तिचा पुरावा आहे. याच कार्यक्रमातून एस.टी.च्या निळ्या बसही विद्यार्थिनींसाठी धावतात. सायकल कोणाला द्यायची याचा निकष घर ते शाळा या अंतराचा आहे. वाट कोणती, हा त्यात प्रश्न नाही.

तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला आणि तिथून नागपूरकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग आता रुंद झाला आहे. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. कारखाने आणि परिवहन खाते मिळून ट्रॉल्यांना लाल चकाकणाऱ्या पट्ट्या लावतात. आठ-पंधरा दिवसांत त्या धुळीने आणि लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकल्या जातात. पाचला शाळा सुटते. तोवर दिवस लहान झालेला असतो, डांबराच्या डाव्या कडेला पांढऱ्या रेषेबाहेर जी हातभर जागा उरते तीवरून मुली एकामागे एक जातात, आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की सगळ्यांत मागची घंटा वाजवते.